थर्मामीटरची जागा

४ एप्रिल, सकाळी ६
देवापुढे बसून संकल्प केला. उन्हाळ्यात अठ्ठावीस, हिवाळ्यात अठरा. घर अठ्ठाविसाच्या वर गेले तर एसी, अठराच्या खाली आले तर हीटर. एरवी परमेश्वर समर्थ आहे. हे वीसवर एसी लावतात, मुलगी कुणाला न विचारता सोळा करते आणि सासूबाई शाल घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसतात. म्हणून नियम हवा. थर्मामीटर आणला. मॅट्रिकला शास्त्रात बहात्तर गुण होते, वाचायला कुणाची मदत लागली नाही.

दुपारी
भिंतीला नवे भोक कशाला? पाण्याच्या माठामागे जुना खिळा होता. तिथेच टांगला. सव्वीस. एसी लागणार नाही.

१३ एप्रिल
अजून सव्वीसच. ह्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. म्हणाले, थर्मामीटर माठाच्या गारव्यात बसलाय, त्याला जरा माणसांत आण. मी विचारले, माठ काय शेजाऱ्यांच्या घरात आहे? पंचा भिजवून मानेवर टाकला आणि गॅलरीत गेले.

२ मे
हे सलग तिसऱ्या रविवारी ऑफिसला गेले. साहेबही नसतात म्हणे, तरी जातात. मुलगी सकाळी आठपासून लायब्ररीत. पूर्वी पुस्तकाला हात लावायची नाही. घरात शिस्त आली की माणसे सुधारतात.

सासूबाईंची तक्रार नाही. त्यांना मुळात गारवा सोसत नाही. धाकटा मुलगा असून त्या आमच्याकडे राहतात, हे सगळ्या नात्यात ठाऊक आहे. धाकट्या जावेला ते बोचते. बोचू दे. सासू ज्या घरात सुखी, ते घर खरे.

२० मे
विजेचे बिल निम्म्यावर. जपाची एक माळ जास्त केली. घामाने मणी हातातून निसटत होते, पण मोजणी चुकली नाही.

३ डिसेंबर
माठाजवळ चौदा दाखवतो. शास्त्राच्या दृष्टीने ती जागा मुळातच चुकीची होती. हे तसे म्हणाले होते, पण तो प्रश्न उन्हाळ्याचा होता. थर्मामीटर देवघरात हलवला. दिव्याच्या बरोबर वर एक खिळा मोकळा होता. एकवीस. हीटर माळ्यावरच बरा.

१२ डिसेंबर
सासूबाईंचे गुडघे धरले. हीटर काढ म्हणाल्या. त्यांना देवघरात नेऊन एकवीस दाखवले. त्या तिथेच बसल्या, जेवायला हाक मारली तरी उठेनात. या वयात भक्ती अशी वाढते.

१९ डिसेंबर
मुलीने आगाऊपणा केला. थर्मामीटर आजीच्या उशाशी नेऊन ठेवला. तेरा. यंत्राला सारखी जागा बदललेली मानवत नाही, गोंधळते बिचारे. परत जागेवर लावला. लगेच एकवीस. हे म्हणाले, दिव्यावर धरल्यावर काय बर्फ दाखवणार? मी मौन धरले. शिवाय दात वाजत असताना बोलणे नीट होत नाही.

मी दोन स्वेटर आणि ह्यांचा मफलर घालते. आवड म्हणून.

६ जानेवारी
सासूबाई धाकट्याकडे गेल्या. दोन दिवस, म्हणाल्या. बॅगेत उन्हाळ्याच्या सुती साड्याही दिसल्या. दारात विचारले, आई, माझे काही चुकले का? त्या शांतपणे म्हणाल्या, "चुकलं काही नाही गं. पण तुझ्या घरात ऊब फक्त देवालाच आहे."

माझ्या सेवेचे त्यांनी प्रथमच इतके कौतुक केले.

९ जानेवारी
दोन दिवस झाले. तिसराही झाला. मुलगी म्हणाली, आजी फोनवर हसत होती. आता धाकटी जाऊ नात्यात फोन फिरवत बसेल. उद्या जाऊन घेऊन येते. तासाभराचे काम. तिच्याकडे पाणीसुद्धा घेणार नाही.

१० जानेवारी, धाकट्या दिरांकडे
हीटर दिवसभर चालू. तेवीस! उधळपट्टी. सासूबाई खुर्चीत पाय सोडून बसल्या होत्या, गुडघ्याला हात नाही. अठराचा फायदा समजावून सांगत होते. बोलता बोलता डोळा लागला. जाग आली तेव्हा अंधार पडला होता. अंगावर पांघरूण कुणी घातले कळले नाही. थांबले.

११ जानेवारी
एक स्वेटर काढला. समजावणे चालू आहे. सासूबाई ऐकत नाहीत. उद्या निघायचे.

१२ जानेवारी
दुसराही काढला. उद्या नक्की.

१३ जानेवारी, संध्याकाळी
देव पावला. सकाळी हे स्वतः आले. सासूबाईंच्या कानाशी काहीतरी बोलले. त्यांनी दहा मिनिटांत बॅग भरली. मी ह्यांना विचारले, असे काय सांगितलेत? म्हणाले, तू इकडे आल्यापासून घरी हीटर चालू आहे, बावीस.

मीही पिशवी उचलली. सासूबाईंनी ती माझ्या हातातून प्रेमाने घेऊन खाली ठेवली. "तू थकलीयेस गं, चार दिवस राहा इथेच." ह्यांनीही मान डोलावली. घाई करू नकोस, म्हणाले. रिक्षा केव्हा वळली, कळलेही नाही.

थोडक्यात, सासूबाई आमच्या घरी परतल्या. जे ठरवले ते केले.

मघाशी जावेने हळूच विचारले, ताई, तुम्ही कधी निघणार? मी म्हटले, घरून फोन आला की.

तिने फोन उचलून पाहिला. चालू आहे म्हणाली.