'तटस्थ' यांच्या मालकीहक्काबद्दल

आदरणीय साडूबुवांना सप्रेम नमस्कार,

तुमचा डावा गुडघा आणि दुकानातलं जुनं झेरॉक्स मशीन, दोन्ही अजून कुरकुरत असतील असं धरून प्रकृतीची चौकशी आटोपतो. ताईंना नमस्कार सांगा, पण पत्र दाखवू नका. (कुठे लपवायचं ते मी तुम्हाला काय शिकवणार, तीस वर्षं सिगारेटी लपवल्यात.) बसने वीस मिनिटांवर राहून हा पत्र कसलं लिहितो, असं म्हणाल. तोंडानं सांगायला आलो असतो तर चहा पिऊन तसाच परत गेलो असतो. शिवाय कोर्टासमोर दुकान थाटून, आलेल्या प्रत्येक प्रतिज्ञापत्राची प्रत काढताकाढता ते वाचणारे तुम्ही, तेव्हा आपल्या नात्यागोत्यात कायदा कळणारा दुसरा माणूस नाही.

रुग्णालयाच्या ऑफिसात बसून मी पंचवीस वर्षं नर्सबाईंच्या ड्यूट्या लावतो. (त्यांतल्या एकीशी माझं लग्न झालेलं आहे, हे तुम्ही जाणताच.) जिला रात्रपाळी लागते ती मला शिव्या देते आणि जिला लागत नाही तिला वाटतं, हा आपला हक्कच होता. म्हणून सहा वर्षांपूर्वी घरच्या कॉम्प्युटरवर, शिकत आणि चुकत, ड्यूट्या लावणारा एक प्रोग्रॅम लिहिला आणि इंटरनेटवर फुकट ठेवून दिला. कुणीही वापरा, पण विकू नका आणि लेखकाचं नाव पुसू नका, एवढ्या दोनच अटी. नाव मात्र माझं नाही घातलं, 'तटस्थ' असं टोपणनाव घेतलं. ड्यूटीवाल्या क्लार्कनं लिहिलाय म्हटल्यावर त्यावर कुणाचा विश्वास बसणार? मग मीच तो 'नेटवर सापडला' म्हणून मेट्रनबाईंना दाखवला. त्या दिवसापासून तक्रारी बंद. जो तो म्हणायला लागला की हा तटस्थ कोण असेल तो असो, माणूस समजूतदार आहे. हीसुद्धा जेवताना तसंच म्हणाली आणि मग माझ्याकडे बघून, नाहीतर काही माणसं, एवढंच बोलून भात कालवायला लागली.

गेल्या महिन्यात वरिष्ठांनी एका कंपनीकडून नवा प्रोग्रॅम विकत घेतला. फुकटच्या वस्तूचा भरवसा काय, असं त्यांचं म्हणणं. प्रशिक्षणाला मला पहिल्या रांगेत बसवलं, आणि पडद्यावर बघतो तर माझाच प्रोग्रॅम. रंग बदललेला, 'तटस्थ' खरवडून तिथे कंपनीचं बोधचिन्ह, बाकी माझ्या चुकांसकट जसाच्या तसा. टाय लावलेल्या मास्तरानं मला माझीच बटणं समजावून सांगितली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, घाबरू नका, हळूहळू जमेल." मी ते वहीत लिहून घेतलं. (दुसरं काय करणार, शेवटी वह्या तपासणार होते.)

मग एका वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, टोपणनाव घेतल्यानं हक्क बुडत नाही, तो लिहिणाऱ्याचाच. पण कोर्टात टोपणनाव उभं राहत नाही, तुम्हाला खऱ्या नावानं उभं राहून तटस्थ म्हणजे मीच, हे सिद्ध करावं लागेल. शिवाय कंपनी म्हणणार की ड्यूट्या लावायचे प्रोग्रॅम इथूनतिथून सारखेच. तेव्हा दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणार नाही अशी एखादी गोष्ट त्यात दाखवा, आणि ती तुम्हाला कधी, कशावरून सुचली त्याचा कागद आणा. अशी गोष्ट आहे, साडूबुवा, आणि कागदही आहे. तिथेच घोडं पेंड खातंय.

तीन वर्षांपूर्वी तटस्थांच्या ईमेलवर एका नर्सबाईंचं पत्र आलं. खाली नाव नाही. नवरा त्याच रुग्णालयाच्या ऑफिसात आहे, दोघांची सुट्टी नेहमी एकाच दिवशी येते (ती मी मोठ्या हौसेनं तशी आणायचो), तर ती तशी येऊ नये अशी सोय करता येईल का? पुढे लिहिलं होतं, "ते वाईट नाहीत. पण ते घरात असले की मला बसता येत नाही." कात्री कुठे आहे हे विचारत खोल्याखोल्यांतून मागे फिरणारा, पेपर मोठ्यानं वाचणारा, आणि बायको जरा टेकली की काय विचार करतेस म्हणून विचारणारा तो नवरा मला आधी दयनीय वाटला आणि मग ओळखीचा.

सूचना रास्त होती. मी 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे' असं कळवलं आणि आठवड्याभरात, ज्या दोन माणसांची नावं भरावीत त्यांच्या सुट्ट्यांची गाठ पडू नये, अशी सोय करून दिली. हिच्या सांगण्यावरून मेट्रनबाईंनी आमची नावं गुपचूप त्यात भरली. (ते मला दिसलं नाही, असं मी ठरवलं.) पंधरवड्यानं आभाराचं पत्र आलं. सुट्टीच्या दिवशी दोन तास खिडकीशी बसले, चहा गार झाला, कुणी काही विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं मला असं पत्र कधी लिहिलं नव्हतं, आणि हेही मला लिहिलेलं नव्हतंच. फार वाईट वाटलं. ऑफिसात डोळे पुसले आणि सर्दी झाली म्हणून सांगितलं. कंपनीनं ती सोयही उचलली आहे. त्यांच्या जाहिरातीत तिचं नाव 'कौटुंबिक सौहार्द'.

म्हणजे खटला जिंकायचा तर हे पत्र कोर्टात द्यायचं. त्याच्या प्रती निघतील, कदाचित तुमच्याच मशीनवर. आपण मन मोकळं केलं ते कुणापाशी, हे तिला कळेल, आणि मग ती तटस्थांनाही काही सांगणार नाही. माझ्या हातून जन्मात एकच वस्तू धड झाली आणि ती दुसऱ्याची म्हणून विकली जाते, याचं दुःख होतं, खोटं कशाला बोलू? पण वकीलबाईंना मी कळवून टाकलं की कागद सापडत नाही.

आपला,
साडू

ता. क. तुमचा सल्ला मागायला बसलो होतो, आणि निकाल मीच देऊन मोकळा झालो. तरी कायदा काय म्हणतो ते सवडीनं कळवा.

ता. क. दुसरा : परवा ही म्हणाली, नव्या प्रोग्रॅमवर तटस्थ यांचं नाव दिसत नाही, कुठे गेले असतील? मी म्हटलं, असतील कुठेतरी.

ता. क. तिसरा : खरं काम राहिलंच. या महिनाअखेरीला मी रिटायर होतो. मग मला रोजच सुट्टी, आणि त्यावर प्रोग्रॅममध्ये काही सोय नाही. मी पुष्कळ खटपट करून बघितली. तर तिच्या सुट्टीच्या दिवशी दहा ते सहा मला तुमच्या दुकानात बसू द्याल का? कागद लावीन, बाइंडिंग शिकेन, पगार नको. फक्त तिला सांगताना गरज तुम्हाला आहे असं सांगा. नाहीतर ती भिडेखातर म्हणेल, कशाला जाता, आणि मी थांबेन.