सुधाने धरलेला तारा

१२ डिसें. २००३
डॉ. म्हणाले, सुधाच्या हृदयाची झडप आणखी बिघडलीय. जिना चढणं बंद.  रिक्षात ती म्हणाली, "मग गच्चीवर तारा कोण धरणार?" मी म्हटलं, यंत्र धरील की!

२० डिसें.
दुर्बिणीवरच्या सरकत्या छपराला फाटकाची मोटर बसवली. खाऱ्या हवेनं रूळ पार गंजलेत. ग्रीसने हात काळेकुट्ट.
आता मुख्य काम. इतकी वर्षं फोटो निघेपर्यंत चाळीस-चाळीस मिनिटं भिंगाला डोळा लावून, बटणं दाबत, सरकणारा तारा फुलीवर धरून ठेवते ती सुधा. मला पाच मिनिटांत चुळबुळ. ते वेबकॅम नि संगणक करतील.

११ जाने. २००४
चारदा फसलं. तारा भलतीकडेच पळतोय. खालून सुधाची हाक, "अहो, दुर्बीण पश्चिमेकडे पलटवली की डावी-उजवी बटणं उलटी होतात, विसरलात ना?" खरंच की! कप्पाळ माझं.

२२ जाने.
जमलं! मृगातला तेजोमेघ, पुरी चाळीस मिनिटं. मी खाली सुधाजवळ बसून. 

२५ जाने.
स्टुडिओतून फोटो आणला. तारे टाचणीच्या टोकाएवढे, गोल. सुधाने चष्मा लावून खूप वेळ पाहिला. "माझ्या हातून इतका नेटका कधी नाही आला हो." मग भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही.
गाढव आहे मी. आराम द्यायचा म्हणून नेमकं तिचंच काम काढून घेतलं.

८ फेब्रु.
इथे लांब केबल मिळेना, चिपळूणहून आणली. वेबकॅमचं चित्र आता सुधाच्या खाटेशी. बटणंही. "मेला तारा केवढासा दिसतो!" म्हणाली. पण हसली. किती दिवसांनी.

१८ फेब्रु.
दिवेलागणीनंतर सुरू केलं. सुधाने तारा धरला. बारा मिनिटं अगदी पक्का. मग बोट बटणावर तसंच, नि डोळा लागलेला. तारा हळूहळू फुलीवरून निघाला. मी बघत बसलो. संगणकाकडे द्यायला हात धजेना.
जागी झाल्यावर, "पूर्ण झाला?"
"झाला."

२४ फेब्रु.
फिल्म अजून कॅमेऱ्यातच. धुतली तर रेघोट्याच निघणार. जानेवारीतला फोटो पुढे करावा? ओळखेल ती. डॉ. आज घरी येऊन तिला तपासून गेले, जाताना माझ्याशी बाहेर व्हरांड्यात बोलले. आत आलो तर तिने विचारलं, "स्टुडिओत जाऊन आलात?"