मायच्या हातचे नऊ कोट

धरण वसाहत
९ डिसेंबर २००१

ती. सौ. ज्योतीताईस,
धम्मदीपचा सप्रेम जयभीम. वि. वि.

बोटीवरची नोकरी कशी चाललीय म्हणून विचारतेस, तर ऐक. वीट आला बघ. जॅकेटं बुडणाऱ्याला तरंगवायला असतात, हे बोट चालवणारे मी अन् लालसिंग सोडले तर इथं कुणाच्या गावीच न्हाई. दोन वर्षांखाली वीस जॅकेटं आली. म्यानेजरनं ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून काढूच दिली न्हाईत. काहून? तर मळतात म्हणे! साहेब आला की कपाट उघडायचं, नारंगी रंग दाखवायचा, कपाट बंद. त्याच खोलीत त्याच्या भुईमुगाची पोती. उंदरांनी शेंगा संपवल्या अन् मग जॅकेटं धरली. नऊ फाडली. शी! कपाट उघडलं तर लेंड्यांचा असा भपकारा आला की दिवसभर जेवण गेलं न्हाई.

बुडणाऱ्याकडं फेकायचं चाक हापिसाच्या भिंतीला खिळे मारून ठोकलंय. मधोमध म्यानेजरच्या लेकाचा लग्नातला फोटो. आग विझवायच्या वाळूत सगळे गुटखा थुंकून राहिले. अन् येणारी माणसं तरी काय! एका बाईला जॅकेट घाला म्हणलं तर नाक मुरडून म्हणाली, फोटोत साडी दिसायची न्हाई. तिच्या नवऱ्यानं वर मलाच विचारलं, बोट चालवता येत न्हाई का तुला.

पंधराला तपासणी आहे. फाटकी नऊ पोत्यात घालून गोरेगावला नेली, मायपुढं टाकली अन् म्हणलं, शिवून ठेव. तिच्या गोधडीचा टाका तुला माहीतच आहे. या सगळ्या घाणीत तेवढं एक काम बराबर होईल. जानेवारीत तुझ्या शाळेची सहल आण. आकांक्षाला मामाची बोट बघायचीच आहे.

भाओजींना जयभीम, भाचीला पापा. लोभ आहेच, तो उन्हातान्हात वाळू देऊ नको.

तुझा
धम्मदीप


कुरुंदा
१८ डिसेंबर २००१

चि. धम्मदीप यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवताना वाचलं, ही माझीच चूक. वाळूच्या बादलीपाशी आले आणि घास तोंडातच फिरायला लागला.

सहल ठरली, १२ जानेवारी, शनिवार. चौतीस मुली आणि आपली आकांक्षा. मुख्याध्यापकांनी पालकांकडून लिहून घेतलं, की काही झालं तर शाळा जबाबदार नाही. किती निर्लज्जपणा! मुलींना पोहता येतं का, हे मात्र एकालाही विचारलं नाही. मीच विचारलं. फक्त दोघींना येतं. भिकाबाई नावाची एक आई मला बाजूला घेऊन म्हणाली, बाई, एकुलती एक आहे. मी तिला सांगितलं की तिथं माझा सख्खा भाऊ आहे. माझ्या शब्दावर तिनं सही केली.

म्हणून एकच विचारते. ती शिवलेली जॅकेटं घालून तू स्वतः पाण्यात उतरून पाहिलंस का? पाहिलं नसेल तर पाहा. आणि दाढी करत जा, मुली घाबरतील.

तब्येतीला जप. माझ्या रागाखाली माया असते, हे तुला सांगायला नको.

तुझी
ताई


धरण वसाहत
२६ डिसेंबर २००१

ती. सौ. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तपासणी झाली. साहेब खुर्चीवरून उठलेच न्हाईत, तिथूनच वीस मोजली अन् कोंबडीवर ताव मारला. हात पुसायला माझा टॉवेल घेतला, तो मी फेकून दिला. रजिस्टरात ‘वीस जॅकेट, चालू हालत’ असं लिहून माझी सही घेतली.

मायनं काम असं केलंय की नवं कोणतं अन् शिवलेलं कोणतं, वळखू येत न्हाई. पाण्यात घालून बघ म्हणतेस. अगं, एवढं सुंदर काम, भिजवून कशाला खराब करू? पिशव्यांत घालून ठेवलीत. सहलीलाच काढीन. तू बिनघोर ये.

वाट पाहून राहिलेला,
धम्मदीप


गोरेगाव
३ जानेवारी २००२

चि. ज्योतीस,
अमृतरावाचे आशीर्वाद.

तुझी माय सांगते तसं लिहितो, तिला लिहिता येत न्हाई अन् मला तिच्यापुढं बोलता येत न्हाई. ती म्हणते, धम्माच्या हापिसातले नऊ कोट तिनं शिवले. आतमधी उंदरानं कुरतडलेला कसला तरी पांढरा भुगा होता, तो झटकून उकिरड्यावर टाकला. आपल्या घरचा नवा कापूस पिंजून ठासून भरला. पोरगं थंडीचं पाण्यावर असतंय, ऊब पाहिजे. जुन्या नाड्या कुजल्या व्हत्या, म्हणून लुगड्याच्या काठाच्या नव्या लावल्या, दुहेरी. आठ दिवस मला धड भाकर मिळाली न्हाई. ती विचारते, साहेबाला कोट पसंत पडले का? अन् नाड्या सुटल्या तर न्हाईत ना, हे धम्माला विचारून कळव.

लेकराला घेऊन ये. वाटेकडं डोळे आहेत.

तुझा
बाप


कुरुंदा
७ जानेवारी २००२

धम्मदीप,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही. बाबांचं पत्र सोबत जोडलंय. वाच. पोस्टावर भरवसा नाही, म्हणून ही चिठ्ठी जीपवाल्याच्या हाती देतेय.

कापूस! अरे, शेतकऱ्याच्या घरात वाढलास तू. भिजलेल्या गोधडीचं वजन दोघांना उचलत नाही, हे तुला मी सांगायचं? मायचा दोष नाही. कोट कशासाठी आहे ते तू तिला सांगितलंच नाहीस. म्यानेजरच्या नावानं पानंच्या पानं शिव्या लिहिल्यास आणि न पाहता सही ठोकलीस. तुझी पत्रं वाचून मला त्या लोकांची किळस आली होती. आज तुझी आली.

भिकाबाईला मी काय तोंड दाखवू? कोट घाल आणि पाण्यात उतर. मग लिही.

ज्योती


धरण वसाहत
९ जानेवारी २००२

ती. सौ. ताईस,
जयभीम.

तुझ्या सांगण्याप्रमाणं उतरलो. खरं सांगतो, तुला खोटं पाडायला उतरलो. लालसिंगच्या हाती दोर दिला अन् धक्क्यावरून खोल पाण्यात उडी मारली. पयले छान तरंगलो. लालसिंगला ओरडून म्हणलंसुद्धा, बघ मायचं काम. मग कोट पाणी प्यायला लागला. दोन्ही खांद्यांवर कुणी बसल्यावानी खाली चाललो. मी पट्टीचा पोहणारा, पण हातच वर येईनात. कोट काढावा तर नाड्या सुटेनात. लालसिंगनं ओढून काठाला घेतलं अन् विळ्यानं नाड्या कापल्या, तवा श्वास आला.

म्यानेजर म्हणाला, उन्हात वाळव अन् पिशवीत घाल, कोण घालतंय इथं. त्याच्या तोंडावर थुंकावं वाटलं. पण ताई, मी तरी दुसरं काय केलं होतं? मळतील म्हणून तो ठेवायचा, भिजतील म्हणून मी ठेवले. त्या पाण्यात माझ्या जागी आकांक्षा दिसून राहिली. तिच्या नाड्या मीच माझ्या हातानं बांधल्या असत्या, दुहेरी.

रजिस्टरात माझ्या सहीखाली लिहिलं, ‘यातले नऊ बुडवतात.’ पुन्हा सही केली. नऊही कोट फाडून कापूस काठावर पसरला, कुणी परत पिशवीत घालू नये म्हणून. म्यानेजरनं मला उद्यापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय. सहल इकडं आणू नको. भिकाबाईला माझं नाव घेऊन खरं ते सांग.

आशीर्वाद पुन्हा लिहावासा वाटला तर लिही. घाई न्हाई.

तुझा
धम्मदीप

ता. क. मायला यातलं काही सांगू नको. तिनं नाड्यांचं विचारलंय ना? तिला लिही, सुटल्या न्हाईत.