निळ्या टिकल्या

मिलिंदवाडी, नाशिक
१२ जानेवारी २०२६

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र काळूभाऊंनी सुरगाण्याहून येऊन जीप लावल्या लावल्या घरी आणून दिलं. आईने दोनदा वाचून घेतलं. तुझ्या आश्रमशाळेतल्या नागलीच्या भाकरीचं ऐकून म्हणाली, पोरगं वाळलं असणार. फोटोतलं तुझं पोट दाखवलं तरी ऐकत नाही! तू टेकडीवर चढून फोन करतोस तेव्हा निम्मं बोलणं वाऱ्यात जातं, त्यापेक्षा पत्र बरं, असं तिचं मत.

आता मुख्य बातमी. महापालिका गंगा-गोदावरीच्या काठाचा नवा आराखडा करतेय. फिरायला रस्ता, बागा, बाकडी, दिवे, सगळं. आपल्या वाडीतली चाळीसेक घरं ठेवायची की हलवायची ते अजून ठरलं नाही, लोकांना विचारून ठरवणार म्हणे. पंचवीस तारखेला शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे. मोठा नकाशा लावतील आणि आपण त्यावर रंगीत टिकल्या चिकटवायच्या. लाल, हिरव्या, पिवळ्या, निळ्या. कुठली कशासाठी ते तिथेच सांगतील.

शेजारची सिंधुबाई म्हणते, आजवर कुत्रंही विचारत नव्हतं आणि आता टिकल्या लावायला बोलावतात, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे. आईने तर धास्तीच घेतली आहे. आप्पा गेल्यापासून तिचा जीव त्या घरात आहे, तुला माहीतच आहे. घर गेलं तर ती जगायची नाही रे. वाडीत जो तो विचारतो, आपला धम्मपाल गुरुजी काय म्हणतो? तू सांगशील तसं करू. उत्तर लगेच धाड.

तुझी,
चैताली

आश्रमशाळा, ता. सुरगाणा
१६ जानेवारी २०२६

चि. चैताली हीस,
जयभीम आणि आशीर्वाद. आईस साष्टांग.

आधी आईला सांग, मी वाळलेलो नाही. स्वयंपाकीण भागीबाई मला दोन भाकऱ्या जास्त वाढते आणि तिसरी खाल्ली नाही तर रागावते.

सभेला जा. सगळे जा. आपली माणसं सभेला जातात आणि मागच्या सतरंजीवर बसून भजी खाऊन येतात, तसं करू नका. नकाशापाशी पहिले उभे राहा. कुठल्या रंगाचा काय अर्थ हे विचारत बसलात की मागे पडलात, तोवर बंगलेवाले नकाशा भरून मोकळे होतील. आपला रंग निळा. प्रत्येक घरावर निळी टिकली लावा. अख्खी वाडी निळी दिसली पाहिजे, म्हणजे कागदावर बोट ठेवणाऱ्याला कळेल की इथे कोण राहतं आणि किती जण राहतात. तू स्वतः उभी राहून वाटप कर. तुझा आवाज मोठा आहे, लहानपणापासून मी त्याचा त्रास सोसलाय, आता वाडीला त्याचा उपयोग होऊ दे.

घाबरू नका. विचारायला आलेत, हेच पुष्कळ आहे.

तुझा दादा,
धम्मपाल

मिलिंदवाडी, नाशिक
२२ मार्च २०२६

ती. दादास,
सविनय जयभीम.

कसं लिहू, कळत नाही. सभेनंतर फोनवर मी नाचत नाचत सांगितलं होतं ना, की एकही घर सोडलं नाही, सगळी वाडी निळी करून टाकली? म्हाताऱ्याकोताऱ्यांनी काठी टेकत येऊन टिकल्या लावल्या. आईने आपल्या घरावर लावली आणि वरून अंगठ्याने दाबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले.

परवा आराखडा लागला. मिलिंदवाडी आहे तिथे गवत दाखवलंय. गवत, दादा! त्यावर एक बाई कुत्रं फिरवतेय. खाली लिहिलंय, रहिवाशांच्या सूचनेनुसार.

मी पालिकेत जाऊन भांडले. तिथल्या मुलीने शांतपणे समजावलं. हिरवी टिकली म्हणजे इथे बाग हवी, लाल म्हणजे घाण, पिवळी म्हणजे दिवा हवा. आणि निळी म्हणजे इथे पुराचं पाणी शिरतं, राहण्याजोगं नाही. रंगांचा तक्ता चहाच्या टेबलामागे लावला होता म्हणे. चहाला आपली माणसं सगळ्यांत शेवटी गेली. माईकवरही सांगितलं होतं, पण तेव्हा मी ओरडत होते, निळ्या घ्या, निळ्या घ्या.

आम्हीच आमच्या हाताने लिहून दिलं रे, की आम्हाला उठवा.

आता वाडीत एकच चर्चा, निळं पहिल्यांदा कोण बोललं. मी तुझं पत्र कोणाला दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. सोळा एप्रिलला सुनावणी आहे. काहीतरी सुचव दादा. आई दोन दिवस जेवली नाही.

तुझी,
चैताली

आश्रमशाळा, ता. सुरगाणा
२७ मार्च २०२६

चि. चैताली,
जयभीम.

पत्र वाचलं आणि वर्गात जाऊन फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. पोरांना वाटलं गुरुजी काहीतरी लिहिणार. मी काय लिहिणार? जे लिहायला नको होतं ते लिहून बसलो. दूर डोंगरात बसून शहाणपणा शिकवायला माझं काय जातं! अर्थ विचारू नका, असं मी मास्तर असून लिहिलं. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आता एकच मार्ग दिसतो. सुनावणीत सगळ्यांनी एका सुरात सांगा की टिकल्या चुकून लागल्या, आणि आमच्या घरात पाणी येत नाही. कधीच आलं नाही. कोणी काही विचारलं तरी तेवढंच. आईकडून घटवून घे. मला रजा मिळत नाही, परीक्षा आहेत, नाहीतर पायी आलो असतो. आईला जेवायला लाव, माझी शपथ घाल.

तुझा,
धम्मपाल

मिलिंदवाडी, नाशिक
१८ एप्रिल २०२६

ती. दादास,
सविनय जयभीम.

सगळं संपलं.

सुनावणीचा साहेब चांगला निघाला, तेच वाईट झालं. वसवस केली असती तर आई गप्प बसली असती. सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं, पाणी येत नाही. सिंधुबाईने तर छातीवर हात ठेवून सांगितलं. मग आईची पाळी आली. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, मावशी म्हणाला, आणि विचारलं की मावशी, खरं सांगा, येतं का पाणी?

आई म्हणाली, येतं की. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की आमच्या उंबऱ्याला लागतं. मग आम्ही सामान माळ्यावर चढवतो, शाळेत जाऊन निजतो, गाळ उपसतो आणि पुन्हा राहतो. पाणी येतं तसं जातं बाबा, तुम्ही एकदा आलात की जाणार नाही.

लिहून घेणाऱ्याने फक्त येतं एवढंच लिहिलं. मी ओरडले, पुढचंही लिहा. तो म्हणाला, विचारलं तेवढंच लिहितो.

मे अखेरपर्यंत घरं खाली करायची. सिन्नरच्या रस्त्याला, शहराबाहेर, तीन वेगवेगळ्या इमारतींत खोल्या आहेत. चिठ्ठ्या काढणार, ज्याची निघेल तिथे त्याने जायचं. आईची धुण्याभांड्यांची कामं सुटली म्हणूनच समज. तिकडून पहाटे कोण येणार?

सिंधुबाईने आमच्याकडे बघणं सोडलंय. नळावर आई गेली की बायका हंडे उचलतात. घरी मीही तिच्यावर तोंड टाकलं, सगळ्यांचं वाटोळं केलंस म्हणाले. ती एवढंच म्हणाली, त्याने माझ्या डोळ्यांत बघून विचारलं गं. मला खूप रडू आलं, पण तिच्यासमोर रडले नाही.

तुझी,
चैताली

आश्रमशाळा, ता. सुरगाणा
२२ एप्रिल २०२६

चि. चैताली,
जयभीम.

आता मला राहवत नाही. लोक आईला दोष देतात आणि मी इथे भाकऱ्या खातो. मी बुद्धपौर्णिमेला येतोय. विहारात सगळ्यांसमोर उभा राहून सांगणार की निळ्या टिकल्यांची अक्कल माझी होती. बायांनो, माझ्या आईवरचा राग माझ्यावर काढा. थुंकले तरी चालेल. हे पत्र आईला वाचून दाखव, म्हणजे तिला कळेल की तिचा मुलगा लपून बसलेला नाही.

तुझा,
धम्मपाल

मिलिंदवाडी, नाशिक
२७ एप्रिल २०२६

ती. दादास,
सविनय जयभीम.

हे पत्र काळूभाऊंच्या हाती आजच देतेय, म्हणजे तू निघायच्या आत पोचेल.

तुझं पत्र मी आईला शनिवारी वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाली, पुन्हा वाचलं. काल रविवारच्या वंदनेला आम्ही विहारात गेलो. आमच्या सतरंजीवर कोणी बसलं नाही. वंदना सुरू व्हायच्या आधीच आई उठली आणि म्हणाली की निळ्या टिकल्यांचं माझ्या डोक्यातून निघालं. मीच पोरीला सांगितलं. धम्मपालने तर पत्रात बजावलं होतं, आधी अर्थ विचारा मग लावा, पण मी म्हातारी, ऐकलं नाही.

मी तिचा पदर ओढला. तिने माझा हात झटकला.

सिंधुबाई काय काय बोलली ते लिहवत नाही. घरबुडवी म्हणाली. आईने सगळं खाली मान घालून ऐकलं. मग पंचशील सुरू झालं. दर रविवारी आईच पुढे सांगते, सगळे मागून म्हणतात. तीन शीलं तिने सांगितली. चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं तेव्हा तिच्या तोंडून शब्दच फुटेना. लोक थांबले. शेवटी मीच ते सांगितलं, पाचवंही मीच.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, साहेबापुढे घर वाचवायला खोटं बोलली नाहीस, मग आता का? म्हणाली, घर काय, गेलंच. पण ही माणसं उद्या सिन्नरच्या रस्त्याला कुठेकुठे पांगतील, आणि जिथे जातील तिथे सांगतील की कोणामुळे. माझं काय, मी आता किती दिवसांची सोबती. त्याला अजून पोरांना शिकवायचंय.

दादा, तू ये, पण विहारात तोंड उघडू नकोस. आता तू खरं बोललास तर आई खोटी ठरते. तिचा शब्द सोडून वाडीत तिच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही रे. मला माहीत आहे, गप्प बसणं तुला जमणार नाही. तरी बस.

येताना काळूभाऊंकडून रिकाम्या गोण्या मिळतात का बघ, भांडी बांधायला लागतील. आई म्हणते, हे सगळं त्याला कळवू नकोस, नुसतं गोण्यांचं लिही. मी दोन्ही लिहिलं.

माया आहे तशी असू दे.

तुझी,
चैताली