किड्याची फुगडी

॥ श्री ॥
रेडमंड, २ जुलै २००६

चि. सौ. अबोलीला सासूचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

नाही गं बाई, चिडलेला मुळीच नाही. तोंड तेवढं पुरीसारखं फुगलंय. लग्नाला सात महिने झाले नाहीत तोवर नवऱ्याला सोडून अलास्काच्या डोंगरात किडे शोधायला निघून गेलीस, आणि वर मलाच विचारतेस शंतनू रागावलाय का म्हणून!

बरं, किडे तरी असावेत. शंतनूने मला समजावलं की किडे नाहीतच, ते चिखलातून गेले त्याच्या नुसत्या खुणा आहेत, चिखलाचा दगड झाला म्हणून टिकल्या. म्हणजे किडा केव्हाच घरी पोचला आणि तू आता त्याच्यामागे निघालीस, काही कोटी वर्षं उशिरा. तुझ्या हातचा चहा व्हायला वेळ का लागतो ते आत्ता कळलं.

तर शंतनूचं सांगते. कंपनीतून आला की खिडकीशी बसून राहतो. खोदून विचारलं तेव्हा बोलला, मंगळागौर होईल ना आपल्याकडे? पहिली मंगळागौर आहे, आई त्यासाठी गावाहून एवढ्या लांब अमेरिकेत आली, आणि अबोली वेळेवर नाही पोचली तर? पोराचा जीव अडकलाय गं. मी सांगितलं त्याला, ती पाच ऑगस्टला येते म्हणालीय, आठला मंगळवार आहे, उगाच घोर लावून घेऊ नकोस.

सोबत सुकटाची चटणी पाठवते. तू पुण्याची, तुला वास आवडायचा नाही, पण थंडीत अंगात ऊब राहते. श्रावण लागायच्या आत संपव.

लोभ आहे तो तिथल्या बर्फात गोठू देऊ नकोस.

तुझी सासू, नावापुरती,
सुवर्णा


ब्रुक्स पर्वतरांग, अलास्का
११ जुलै २००६

ती. आईंना अबोलीचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आणि चटणी कालच्या विमानाने आली. इथे आठवड्यातून दोनदा एक छोटं विमान नदीकाठच्या गोट्यांवर उतरतं, तेच आमचं पोस्ट, तेच आमचं किराणा दुकान.

आई, चटणीचं काय झालं ऐका. इथे खाण्याच्या सगळ्या वस्तू लोखंडी ड्रममध्ये बंद करून तंबूंपासून लांब ठेवायच्या असतात, कारण अस्वलं. आमच्या प्रोफेसर हेलन बाईंनी तुमचा डबा उघडून हुंगला आणि ड्रम आणखी लांब नेऊन ठेवायला सांगितला. तरी सकाळी एक अस्वल ड्रमला मिठी मारून बसलेलं! उघडता येईना, सोडवेना. आम्ही भांडी वाजवून हाकललं. मग सगळे जण त्याच्या पावलांची मापं घेत बसलो, सवयच ती. हेलन बाईंनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय आणि पुन्हा चटणी पाठवू नका असंही सांगितलंय. मी मात्र भातावर घेऊन खाल्ली. वासासकट आवडली.

आमचं काम तसं सोपं आहे. हे डोंगर एकेकाळी समुद्राचा तळ होते. दगडांवर ऊन तिरकं पडलं की बारीक खुणा उठून दिसतात, म्हणून उन्हं कलली की फोटो काढायचे, वर रबर ओतून ठसा घ्यायचा. गंमत म्हणजे एकच प्राणी चालताना एक खूण सोडतो, बसला की दुसरी, खाताना तिसरी. त्यामुळे खूण दिसली तरी ती कुणाची, हे छातीठोक सांगता येत नाही. परवा एक मिळाली ती गोल गोल फिरलेली, वाटीएवढी. चित्र काढून पाठवतेय.

शंतनूला म्हणावं पाच तारीख पक्की. पण आई, मंगळागौरीसाठी नवरा झुरतो हे पहिल्यांदाच ऐकलं.

माया आहेच, ती अस्वलाच्या मिठीसारखी सुटू नये.

आपली,
अबोली


॥ श्री ॥
रेडमंड, १८ जुलै २००६

चि. सौ. अबोलीला आशीर्वाद, आणि अस्वलालाही. वि. वि.

माझ्या चटणीला मिठी मारली म्हणजे जनावर चांगल्या घरचं आहे. तुझ्या नवऱ्याने कधी मारली नाही.

तुझं चित्र पाहिलं. एवढं शिकून तुला कळलं नाही? किडा फुगडी घालत होता. मी खाडीकाठची, चिखलात खेकड्यांच्या रांगोळ्या बघत मोठी झाले, मला विचार. पाय जुळवायचे, हात धरायचे आणि गरगर फिरायचं, खाली अस्संच वर्तुळ उमटतं. कळव तुझ्या बाईंना, पदवीत माझाही वाटा ठेवा म्हणावं.

फुगडीवरून आठवलं. शंतनूने काल हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला. का, तर फुगडीला जागा पुरते का बघायला! कार्पेटवर पाय घसरेल की अडकेल, याचीही चौकशी करत होता. शेवटी आमचं ठरलं की गॅरेजमधली फरशी बरी, गाडी बाहेर काढायची. तुझ्या मैत्रिणी आश्लेषा आणि दीपा यांना त्याने मला फोनही करायला लावला. दोघी येतायत. दीपाने विचारलं नऊवारी शिवलेली चालेल का. चालेल म्हटलं, फुगडीत उसवली नाही म्हणजे झालं.

गावी विचार कुणालाही, फुगडीत मला कुणी दमवू शकलं नाही. तुझे सासरे गेले आणि मग मंगळागौरीला माझी जागा आत, वडे तळायला. बाहेर पोरी नाचतात, मी झारा हलवते. असो. तू शंतनूकडे लक्ष दे. बिचारा रात्रंदिवस तुझी वाट बघतोय.

माझी आठवण ठेव, किड्यांच्या रांगेत शेवटची का होईना.

सुवर्णा


ब्रुक्स पर्वतरांग
२७ जुलै २००६

ती. आईंना नमस्कार. वि. वि.

हेलन बाईंना तुमची फुगडी सांगितली. खूप हसल्या, पण पटलं नाही त्यांना. खूण एकाच किड्याची आहे, तो खात खात गोल फिरला. एकटाच होता बिचारा.

आता जे लिहायचं ते दोन दिवस टाळतेय. गेल्या आठवड्यात वरच्या घळीतला बर्फ वितळला आणि खाली अख्खी भिंतच निघाली, शेजघराएवढी. सगळी भरलेली. अशा खुणा एकत्र आम्हाला कुठेच मिळाल्या नव्हत्या. माझा सगळा प्रबंध त्या एका भिंतीवर उभा राहील. पण दरड सैल आहे, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भिंत राहीलच असं नाही, आणि ऑगस्ट संपता संपता पुन्हा बर्फ पडेल. हेलन बाई म्हणतायत, ऑगस्टअखेर थांब.

म्हणजे मंगळागौर नाही. आणि तुमचं विमान बावीसचं, म्हणजे तुमची भेटही नाही. आई, माझ्याच्याने ठरवणं होत नाही. तुम्ही ये म्हणालात तर पुढच्या विमानात बसते, मनात काही न ठेवता. खरंच.

रविवारी सॅटेलाइट फोनवर शंतनूला सांगितलं तर तो लगेच म्हणाला थांब, अशी भिंत पुन्हा मिळायची नाही. आवाजात रुसवा औषधाला नव्हता. मी मंगळागौरीचं काढलं, तर त्याने विचारलं, तो जेवणाचा कार्यक्रम असतो का. सोफा म्हणे तुम्ही सरकवलात, आणि मग दोन दिवस कंबर धरून बसला होतात. खूण एकाची, नाव दुसऱ्याचं, असं आमच्याकडे नेहमी होतं आई. मग खिडकीशी बसतंय कोण?

उत्तराची वाट बघतेय. रागावलात तरी माया पातळ करू नका.

अबोली


॥ श्री ॥
रेडमंड, २ ऑगस्ट २००६

चि. सौ. अबोलीला आशीर्वाद, नेहमीपेक्षा मूठभर जास्त. वि. वि.

थांब. एका शब्दात सांगितलं, आता बाकीचं वाच.

तो शंतनू एक नंबरचा चहाडखोर आहे. कंबर माझी लचकली ती सोफ्यामुळे नाही, तुझ्या वॉशिंग मशीनमुळे, आणि ते सुद्धा खोटं आहे.

तू त्या भिंतीजवळून हलू नकोस. गौर दरवर्षी येते, पाच वर्षं पुजायची असते, तुझी अजून सगळी शिल्लक आहेत. किडा एवढी वर्षं थांबला तो तुझ्यासाठीच, त्याला असा टाकून येऊ नये. मी बावीसला जाते. तुझी नऊवारी कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे. तुझ्या दोन हेअरक्लिपा सोफ्याखाली मिळाल्या, लोणच्याच्या बरणीचं झाकण तू इतकं घट्ट लावून गेलीस की शंतनूलाही उघडेना. तुझ्याही खुणा बऱ्याच आहेत घरात. मी काही मापं घेतली नाहीत, नुसतं बघत होते.

आश्लेषा आणि दीपाला नको म्हणून कळवलं. दीपाची नऊवारी शिवून झाली होती. हळहळली.

कानाला टोपी बांधत जा. अस्वल दिसलं तर माझं नाव सांग, ओळख देईल.

लोभ आहे, तो दगडासारखा टिकू दे.

सुवर्णा

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून लिहितेय. शंतनू कधीच रुसला नव्हता. मी रुसले होते. खिडकीशी मी बसायची. इथे मला आत जाऊन वडे तळा म्हणणारं कुणी नाही, म्हणून एवढ्या लांब आले. एकटीने फुगडी होत नाही गं. मला तुझ्याशी फुगडी घालायची होती.