टाकीच्या रस्त्याची लढाई

२ मार्च, सकाळी

डेस्मंडचा फोन! किनाऱ्यावरच्या आमच्या जुन्या लाँगबोर्ड टोळीचा म्होरक्या. (लाँगबोर्ड म्हणजे चाकं लावलेली लांब फळी; तिच्यावर उभं राहून उतार उतरायचा.) मागे एकदा मी भर उतारावरून थेट प्रेक्षकांच्या तंबूत शिरलो होतो. (तो निर्णय होता. अपघात नव्हे.) तेव्हापासून टोळीने मला पाणी वाटायला बसवलं. आज हाच डेस्मंड विचारतो, "वेंडेल, तुमच्या त्या वाळवंटात एखादा चांगला उतार आहे का? गुळगुळीत डांबर, गाड्या नकोत. मिळाला तर मेअखेरची फेरी तिथेच. आणि सगळ्यांच्या पुढे तू."

पुढे मी! मागे अख्खी टोळी, लाँगबोर्डांचा गडगडाट, आणि पुढे मी!

सांगून टाकलं, एक कशाला, पाच देतो. टॉलिव्हर वेल्स गाव लहान आहे, पण चारही बाजूंना डोंगर आहेत. डोंगर आहे तिथे उतार असणारच. हा तर्क आहे, याला उत्तर नाही.

लॉरेटाने दिलं. लॉरेटा माझी मोठी बहीण. दवाखान्यात नर्स आहे आणि मी तिच्या गॅरेजमध्ये राहतो. म्हणाली, "उतार आहेतच रे. त्या उतारांना कळवलंयस का, की चाकांच्या इस्त्रीच्या टेबलावर उभा राहून तू येतोयस?"

संकल्प: रोज पहाटे एक रस्ता. माघार नाही.

४ मार्च

स्मशानाचा रस्ता. उतार उत्तम. दृश्य उत्तम. मध्यावर वाऱ्याने आणून टाकलेली वाळू. चाकं वाळूत थांबली, मी थांबलो नाही. कोपर, गुडघा आणि हनुवटीचं कातडं रस्त्याला अर्पण केलं.

लॉरेटाने चिमट्याने खडे काढले. प्रत्येक खडा स्टीलच्या ताटलीत मुद्दाम उंचावरून टाकत होती.

७ मार्च

जुन्या खाणीचा रस्ता. गुरं ओलांडू नयेत म्हणून इथे रस्त्यात खड्डा करून त्यावर लोखंडी नळ्या आडव्या टाकतात. नळ्यांमध्ये चांगली वीतभर फट. भित्रा माणूस अशा ठिकाणी उतरून चालत जातो. मी विचार केला: वेग पुरेसा असेल तर चाक फटीत पडायला वेळच मिळणार नाही. निसर्गाचा नियम आहे.

निसर्गाने नियम पाळला नाही. पुढचा दात गेला. बोर्ड नळ्यांत रुतला आणि मी त्याच्याशिवाय बराच पुढे गेलो. एक गाय पाहत होती.

दाताशिवाय चेहरा जास्त लढाऊ दिसतो. आरशात दोनदा पाहिलं.

११ मार्च

ट्रेलर वस्तीचा, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीचा रस्ता. कुत्री. बाकी लिहिण्यासारखं नाही. बसता येत नसल्यामुळे हे उभ्यानेच लिहितो आहे.

१५ मार्च, रात्री

सापडला!!

टेकडीवर गावाची पाण्याची टाकी आहे. टँकर घसरू नयेत, खड्ड्यांत आपटू नयेत म्हणून कधीकाळी तिथपर्यंत पक्का रस्ता केला. आता पाणी पाइपने जातं. टँकर गेले, रस्ता राहिला. काळा, सलग, लोण्यासारखा. दोन वळणं, पहिलं लांब, दुसरं आडदांड. आमच्यात रीत आहे, नव्या रस्त्यावर आधी तळहात फिरवायचा. मी फिरवला. डोळे भरून आले. माणसाने निसर्गाला दिलेली एकमेव चांगली वस्तू म्हणजे डांबर!

पहिलं वळण राजासारखं घेतलं. दुसरंही घेतलं. मग रस्ता संपला आणि क्विंटाना म्हाताऱ्याची कुंपणभिंत सुरू झाली. मातीच्या विटांची आहे. होती.

बासिलिओ क्विंटाना. पूर्वी टँकरच चालवायचा. वय झालं, पण हातात बागेतलं लोखंडी फावडं होतं आणि हाताचं वय झालेलं नाही. पहिला फटका हेल्मेटवर, दुसरा पाठीत. "माझी भिंत! माझ्या कोंबड्या! पुन्हा आलास तर तुलाच पुरीन आणि वर मिरच्या लावीन!"

मी शांतपणे सांगितलं की रस्ता सार्वजनिक आहे. हे वाक्य पूर्ण होईपर्यंत आणखी तीन बसले.

संध्याकाळी डेस्मंडला फोन केला: सापडला.

२४ मार्च

आज थांबण्याचा सराव करायला गेलो. टोळीच्या पद्धतीने: हातमोज्याच्या तळव्याला टणक चकती लावायची, ती रस्त्यावर टेकवायची आणि बोर्ड आडवा करून घसरत थांबायचं. चकती सुटली. भिंत पुन्हा.

क्विंटाना दबा धरून होता. फावडं घेऊन फाटकापासून चर्चपर्यंत मागे लागला. चर्च सुटत होतं. लोकांनी वाट करून दिली. माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी. कोणीतरी "डावीकडून गाठ त्याला, बासिलिओ!" असं ओरडलं. आवाज लॉरेटाचा वाटला. असणं शक्य नाही.

जुलमाला शरण जाणं म्हणजे जुलमाचा भागीदार होणं. उद्या पुन्हा जाणार.

२५ मार्च

बरगडी. आज नाही.

३ एप्रिल

खरा शत्रू सापडला. क्विंटाना नव्हे! दुसऱ्या वळणावर डांबराला आडवी भेग आहे. दोन बोटं रुंद. आधी वेगात दिसलीच नव्हती. आज पुढचं चाक तिच्यात अडकलं आणि मी चोयाच्या झुडपात जाऊन पडलो. हे निवडुंग हलका स्पर्श झाला तरी अख्खा तुकडा अंगावर सोडून देतं आणि त्याच्या काट्यांना उलटे आकडे असतात. लॉरेटाने केसांच्या फणीने एकेक गोळा उपटला. मी ओरडलो नाही. शेजारच्या गल्लीतून कोणी ओरडल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं.

"आता तरी सोडशील?" लॉरेटा.

मी म्हटलं, एका भेगेसाठी संपूर्ण भविष्य सोडू?

"भविष्य नाही रे, फळी सोड."

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. टोळी याच वळणावरून येणार. एक भेग, आणि मागचे सगळे माझ्या अंगावर. भेग बुजलीच पाहिजे.

१४ एप्रिल

नगरसभेत भाषण केलं. इतिहास याची नोंद घेईल.

"नागरिकहो! ज्या रस्त्याने तुमच्या घशाला पाणी पाजलं, तो आज तडकून पडला आहे, आणि तुम्ही इथे फुकटची कॉफी पीत बसला आहात! जे गाव आपल्या रस्त्याची जखम पाहून मान फिरवतं, ते उद्या आपल्या म्हाताऱ्यांना पाहून मान फिरवेल!" दात नसल्याने पहिल्या रांगेवर थोडा तुषार उडाला, पण कोणी हललं नाही. टेबलावर मूठ आपटली. बरगडीची आठवण झाली. तो हुंदका लोकांनी भावनेचा समजला. अध्यक्ष हेंडरशॉट बाईंनी रुमाल काढला.

ठराव एकमताने मंजूर! मी भेग मागितली होती, त्यांनी टाकीपासून भिंतीपर्यंत पूर्ण रस्ता दिला! क्विंटानानेही हात वर केला. दोन्ही हात. शत्रूचं हृदयपरिवर्तन घडवणं हीच वाणीची शेवटची कसोटी.

बाहेर पडताना तो म्हणाला, "पोरा, माझा गैरसमज होता तुझ्याबद्दल." आणि पाठीवर थाप मारली. नेमकी जुन्या जागी.

डेस्मंडला कळवलं: नवाकोरा रस्ता, तुमच्या आगमनासाठी. तो पहिल्यांदाच मला 'भावा' म्हणाला.

२० एप्रिल

लॉरेटा विचारते, "दुरुस्ती म्हणजे काय करणार, विचारलंस का?" तपशील हे कारकुनांचं काम. नेता दिशा देतो.

९ मे

आज सकाळी गाड्या आल्या. मी फुलं घेऊन गेलो होतो.

पहिल्या गाडीने गरम डांबराचा फवारा मारला. सुंदर. काळा आरसा. मागून दुसरी गाडी आली आणि तिने त्या आरशावर खडी ओतली. खडी! धारदार, नखाएवढी, वरपासून खालपर्यंत. मागून रोलर.

मी रोलरपुढे आडवा पडलो. चालकाने इंजिन बंद केलं, खाली उतरला, माझे पाय धरले आणि बाजूला ओढलं. मी त्याच्या मांडीला चावलो. त्याने कानाखाली मारली. मी हेल्मेटने मारलं. मग मला दोघांनी धरलं. चालक म्हणाला, "अहो, रस्ता दुरुस्त करा म्हणून तुम्हीच रडलात ना सभेत? या भागात रस्ता दुरुस्त करणं म्हणजे हेच. आजोबांच्या काळापासून हेच. गाड्या घसरत नाहीत, चाळीस उन्हाळे टिकतं." आणि मग, "बूट सोडवून घ्या, चिकटलेत."

बूट तिथेच राहिले. लोक टाळ्या वाजवत होते. मी अनवाणी घरी.

१० मे

बोर्ड नेऊन पाहिला. खडीवर चाक फिरतं, पण पुढे जात नाही. नुसती कवटी खडखडते. दुसरा दातही हलतो आहे.

हरकत नाही. वर्दळीने खडी बसते. मेअखेरपर्यंत बसेल. डेस्मंडला घाबरवण्यात अर्थ नाही.

१२ ते २२ मे

लॉरेटाची गाडी रोज टाकीपर्यंत वर-खाली. काल तिला कळलं. गाडीच्या काचेला खड्यांनी तीन तारे पाडलेत. तिने मला ओल्या फडक्याने मारलं, मग सुक्याने. पण खडी बसते आहे. तळहात फिरवला तर आता थोडंच रक्त येतं.

किंबहुना हा एक नवा प्रकार होईल. खडतर उतरण. कमकुवत लोक बाहेर पडतील. ही चळवळ इथूनच सुरू होणार.

२५ मे, दवाखान्यातून

टोळी आली. तीन गाड्या, छपरांवर बोर्ड. सगळं गाव टाकीखाली जमलं होतं. हेंडरशॉट बाईंनी लिंबू सरबत ठेवलं होतं. मी सर्वांच्या पुढे उभा होतो, ठरल्याप्रमाणे.

डेस्मंड गाडीतून उतरला. खाली बसला. रस्त्यावर तळहात फिरवला. तळव्याला चिकटलेले खडे झटकले. मग विचारलं, "हे कुणी केलं?"

मी म्हणणार होतो, सरकारने. पण हेंडरशॉट बाई पुढे झाल्या. अभिमानाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "यानेच! याच्या भाषणाशिवाय झालंच नसतं!" सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या.

डेस्मंडने माझ्या नाकावर ठोसा मारला. मी पडलो. खडीवर. उठलो, त्याने पुन्हा मारला. टोळीतल्या कोणी अडवलं नाही. एकाने तर डेस्मंडचं जाकीट धरलं, त्याला मोकळेपणी मारता यावं म्हणून.

मग फावडं चमकलं. क्विंटाना! म्हाताऱ्याने डेस्मंडच्या पोटरीवर घातलं, जाकीटवाल्याच्या खांद्यावर घातलं, मधल्या गाडीचा दिवा फोडला. "आमच्या पोराला हात लावता? आमच्या पोराला?" टोळी गाड्यांत चढली. डेस्मंड खिडकीतून काहीतरी ओरडला, त्यात माझं नाव होतं आणि 'कधीच' हा शब्द होता. धूळ बसली.

म्हातारा मला हाताला धरून इथे घेऊन आला. वाटेत रडत होता. लॉरेटा नाकात कापूस भरत असताना तिच्यासमोर माझा हात हातात घेऊन म्हणाला, "या रस्त्यावर खडी टाका म्हणून मी वर्षानुवर्षं अर्ज केले, कोणी ऐकलं नाही. तू एका भाषणात करून दाखवलंस. आता मरेपर्यंत या रस्त्यावर एकही फळीवाला येणार नाही."

लॉरेटा हसली नाही. पहिल्यांदाच.

मी त्याला म्हटलं, आभार कसले, कर्तव्य होतं.