खालच्या पायरीवरून दिसलेला बँड

४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी मजेत आहे, गुडघा तेवढा नाही. त्याचं म्हणणं असं की बावन्नाव्या वर्षी बासष्ट माणसांसमोर उलट पावलांनी चालायचं नसतं. दिवसभर मोजणी कार्यालयात लोकांच्या जमिनीच्या हद्दी मोजते आणि संध्याकाळी बँडवाल्यांच्या पावलांच्या. दोन्हीकडे वीतभर जागेवरून भांडणं होतात, पण बँडमध्ये निदान वकील येत नाहीत.

आता कामाचं. कागद गिरणीने आमची वार्षिक देणगी बंद केली. चौदा वर्षं दिली, त्यामुळे राग नाही, पण मैदानाचं भाडं, वाद्यं नेणारा ट्रक आणि गणवेश हे सगळं त्या एका धनादेशावर उभं होतं. अंतिम स्पर्धा यंदा मे महिन्यात आमच्याच गावच्या मैदानावर आहे. पहिल्या तिघांना बँड महासंघ दोन वर्षांचं अनुदान देतो. शिवाय तिकिटांचं उत्पन्न यजमान म्हणून आम्हाला ठेवता येईल. ऐकायला छान वाटतं ना? मागच्या वर्षी दुसऱ्या गावी मी प्रेक्षक मोजले होते. तीनशे चाळीस. त्यातले तीनशे तरी कुणाचे ना कुणाचे आईबाप.

तिसरा रस्ताही चालून आलाय. एक करमणूक कंपनी आम्हाला कंत्राटावर घ्यायला तयार आहे. तीन मिनिटांचा कार्यक्रम, रंगीत दिवे, सूर ध्वनिमुद्रित. आमच्या लोकांनी वाद्यं नुसती तोंडाला लावून नाचायचं. समितीतल्या निम्म्यांना ते पटलंय. निर्णय स्पर्धेनंतर.

तू वीस-बावीस वर्षं नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत बसतोस. मला सरळ सांग, लोक आमच्याकडे का येत नाहीत?

भावजयीला सांग, तिने पाठवलेला चष्मा उत्तम आहे. आता सुरकुत्याही स्पष्ट दिसतात.

तुझ्या उत्तराची आणि मायेची वाट पाहणारी,
ताई

—

१३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तू सरळ सांग म्हणालीस म्हणून सांगतो, नंतर माझ्यावर डाफरू नकोस.

मागच्या वर्षीच्या अंतिम स्पर्धेला मी आलो होतो. तुला कळवलं नाही, कारण तू फुकट पास पाठवला असतास. तिकीट काढून खालून दुसऱ्या पायरीवर बसलो आणि मध्यंतरात उठून गेलो. मला वाटलं दोष माझाच. तालाशी माझं कधी जमलं नाही. झांजा वाजवायला घेऊन तूच मला तीन आठवड्यांत काढलं होतंस. पण मग आजूबाजूला पाहिलं. कुणालाच कुठे बघायचं ते कळत नव्हतं. समोर पाठीच पाठी, मध्ये एक भला मोठा पितळी ट्युबा, आणि शेवटी वरच्या काचेच्या खोलीतून टाळ्या. ताई, तुमचा कार्यक्रम त्या खोलीतल्या सात परीक्षकांसाठी बसवलेला असतो. वरून फुलं, चक्रं, चांदण्या दिसत असतील. खाली बसणाऱ्याला घोळका दिसतो.

आमच्याकडे नाटक कितीही थोर असो, मागच्या रांगेला ऐकू आलं नाही की दुसऱ्या दिवशी मला खिडकीत माश्या माराव्या लागतात. तिकीट काढणारा माणूस एवढंच विचारत असतो की हे माझ्यासाठी आहे का. तुमच्याकडे त्याला उत्तर मिळतं: 'नाही'.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा लोभ सुटू नये ही इच्छा,
धाकटा

—

१९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. सोळा वर्षं मी आलेख कागदावर एकेक पाऊल आखते. माझ्या बँडला रचनेसाठी चारदा पहिला क्रमांक मिळालाय. त्याला घोळका म्हणणारा तू पहिलाच.

मध्यंतरात उठून गेलास. आमचा क्रमांक मध्यंतरानंतर होता.

प्रकृतीस जप.
ताई

—

२७ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मी लिहिते आहे हे ह्यांना माहीत नाही. तुमचं चार ओळींचं पत्र आल्यापासून हे घरात असे वावरतात, जणू कपाटावरची बरणी फोडून ठेवली आहे आणि अजून कुणाला कळलेलं नाही. सकाळी दोनदा मला विचारून झालं की खरं बोलायला नको होतं का.

वन्सं, माझ्या दुकानात रोज माणसं येतात आणि म्हणतात, डोळे ठीक आहेत, अक्षरंच बारीक छापायला लागलेत. मी वाद घालत नाही. फक्त काच पुढे धरते आणि पुन्हा वाचा म्हणते. तुम्हालाही एवढंच सुचवते. एक दिवस बँड साहाय्यकाच्या हाती द्या आणि स्वतः खालच्या पायरीवर बसून बघा. ह्यांचं चुकलं असेल तर मी ह्यांना तुमच्यापुढे उभं करते, हवे तेवढे कान उपटा.

आणि एक. मध्यंतरात उठून जाणं चूकच होतं. हे तुमचा बँड न बघताच घरी आले आणि मला सांगितलं की गाडी लवकरची होती. खरं कारण मलाही तुमच्या पत्रातूनच कळलं.

आपली माया आम्हा दोघांवर सारखी राहू द्यावी. (माझ्यावर किंचित जास्त.)
आपली भावजय

—

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आणि भावजयीस,
दोघांस अ. उ. आ.

बसले मी खालच्या पायरीवर.

साहाय्यकाला पूर्ण अकरा मिनिटांचा कार्यक्रम घ्यायला सांगितला आणि वही-पेन्सिल घेऊन बसले, म्हटलं तुझी एकेक चूक लिहून पाठवते. चौथ्या मिनिटाला वही मिटली. माझा सगळ्यात लाडका भाग, तीन वर्तुळं एकमेकांतून पार होतात तो, खालून पाहिला तर बस थांब्यावरची गर्दी. सनई वाटावी इतकी सुरेल क्लॅरिनेट वाजवणारी आमची शिंपीणबाई ट्युबामागे अख्खी लपलेली. सोळा वर्षांत मी कधी तिथे बसलेच नव्हते रे. मी नेहमी मनोऱ्यावर, परीक्षकांच्या उंचीवर.

तुझ्यावरचा राग गेला असं नाही, पण त्याला बसायला जागा उरली नाही.

तेव्हा रचना मोडली. नवीन आखतेय. बँड मैदानाच्या दारातून न येता पायऱ्यांवरून, लोकांमधूनच खाली उतरेल. प्रत्येक बाजूच्या प्रेक्षकाकडे किमान एकदा तोंड होईल. मधल्या संथ भागात ढोलवाले अगदी पहिल्या पायरीपर्यंत चालत येतील आणि बोटांनी हळू वाजवतील.

वाईट बातमी अशी की यातलं निम्मं परीक्षकांना वरून दिसणारच नाही. गुण कापले जातील, कदाचित अनुदानही जाईल. आमचे अध्यक्ष, ते निवृत्त बेकरीवाले, म्हणाले, "बाई, पाव कुणासाठी भाजायचा हे एकदा ठरवा. मग भट्टीचं मी बघतो." पण ट्रॉम्बोनवाले दंतवैद्य बँड सोडून गेले. म्हणाले, मी स्पर्धेसाठी आलो होतो, तमाशासाठी नाही. पंचवीस वर्षांची ओळख आमची. निघताना माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी.

तिकिटांचं काय करू ते सांग. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

दोघांची आठवण काढणारी,
ताई

—

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, कारण चष्मेवाल्या बाईंना ऐकायचं होतं. दुकानातली युक्ती घरातही चालते म्हणून त्या फार खूश आहेत.

तिकिटांचं ऐक. पहिली गोष्ट, फुकट पास बंद. आईबापांनाही. फुकट मिळालेला पास खिशात राहतो. पैसे दिलेला माणूस पाऊस असला तरी येतो आणि सोबत दोघांना आणतो. दुसरी, किंमत केस कापण्याइतकी ठेव. त्याहून कमी ठेवलीस तर लोकांना वाटतं यात काही नाही, जास्त ठेवलीस तर घरी विचारून येतो म्हणतात आणि येत नाहीत. तिसरी, स्पर्धा मे महिन्यात आहे म्हणून मेपर्यंत थांबू नकोस. सराव कुठे करता? गोदामाच्या आवारात ना? दर रविवारी सकाळी फाटक उघडं ठेव. लोकांना खोक्यांवर बसू दे. चुकलात तर चुकताना बघू दे. आमच्याकडे तालमी बघितलेली माणसं नाटकाला हमखास येतात, कारण त्यांना बघायचं असतं की ते अवघड जमलं का.

दंतवैद्यांचं वाईट वाटलं. त्यांची जागा लगेच कुणाला देऊ नकोस.

मे महिन्यात मी आठवडाभर रजा काढून येतो. तिकीट खिडकी माझी. झांजांजवळ फिरकणार नाही, शब्द देतो.

तुझ्या आशीर्वादावर हक्क सांगणारा,
धाकटा

—

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फाटक उघडलं. पहिल्या रविवारी नऊ जण आले, त्यातले दोघे पत्ता चुकलेले. पण ते दोघे शेवटपर्यंत बसले. काल एकशे साठ होते. खोकी कमी पडली म्हणून लोक घरून स्टुलं आणायला लागलेत.

एक गंमत झाली. बाहेरच्या ओळीचं वळण आमचं सहा आठवडे जमत नव्हतं. प्रत्येक वेळी टोकावरची परिचारिका, ती साइड ड्रम वाजवते, एक पाऊल मागे राहायची. काल ते जमलं आणि बघणाऱ्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मला तो ऐकू आला. परीक्षकांच्या खोलीतून मला कधी कुणाचा श्वास ऐकू आला नव्हता.

कंपनीचा माणूसही येऊन गेला. बराच वेळ उभा होता. जाताना म्हणाला, कंत्राटाची रक्कम थोडी वाढवता येईल. समितीतले लोक पुन्हा डळमळलेत आणि मी त्यांना दोष देत नाही. ती रक्कम नक्की आहे, आमचं सगळं जर-तर.

तू लवकर ये. अंथरूण घालून ठेवलंय.

ताई

—

१४ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू संध्याकाळच्या गाडीने पळालास, धड बोलणंही झालं नाही, म्हणून सगळं लिहिते. निकाल तुझी गाडी सुटल्यावर लागला.

नऊ बँडांत आपण चौथे. तिसऱ्याशी फरक एका गुणाचा. परीक्षकांचा शेरा, 'रचना अपूर्ण दिसते.' त्यांच्या जागेवरून ती अपूर्णच दिसत होती, त्यांचं काही चुकलं नाही. अनुदान गेलं. परिचारिका रडली, मग शिंपीणबाई, मग आमचे ढोलवाले, जे रडण्यापेक्षा ढोल उचलणं सोपं म्हणणाऱ्यांतले आहेत.

आता तुला जे खिडकीतून दिसलं नसेल ते सांगते. बँड पायऱ्यांवरून उतरताना लोकांनी पाय आखडून वाट दिली. आणि संथ भागात, ढोलवाले पहिल्या पायरीशी येऊन थांबले तेव्हा, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात पुढे करून परिचारिकेच्या ड्रमच्या कडेवर ठेवला. नुसता ठेवला. नियमाप्रमाणे तिने मागे सरकायला हवं होतं. ती सरकली नाही, वाजवत राहिली. एक गुण तिथेच गेला असेल. मी तो परत मागणार नाही.

तू मोजलेली तिकिटं अध्यक्षांनी पुन्हा मोजली: एक हजार चारशे बारा. त्यात मैदान आणि ट्रक एक वर्ष निघतात. गणवेश जुनेच, उसवले तर शिंपीणबाई आहेत. काल समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी एवढंच विचारलं, त्या कंपनीत आपल्यापैकी कोण वाजवणार आहे. कुणीच नाही, कारण तिथे वाजवायचंच नाही. नऊ विरुद्ध चार मतांनी कंत्राट नाकारलं. एकच वर्ष हाती आहे, पण ते आपलं आहे.

दंतवैद्य आले होते, तिकीट काढून. माझ्याशी बोलले नाहीत, पण आज सकाळी त्यांच्या दवाखान्यातून निरोप आला की रविवारी सराव किती वाजता असतो.

गुडघा सुजलाय. मन मात्र चांगलं आहे.

भरभरून मायेने,
ताई

—

२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चौथा क्रमांक वाचून वाईट वाटलं आणि बाकीचं वाचून ते विसरलो. आमच्या बाई म्हणतात, दंतवैद्यांना आधी काही दिवस तसंच बसू दे, तोंड आपोआप उघडेल.

एक कबुली. तुझा बँड सुरू झाला तेव्हा मी खिडकी बंद केली. बाहेर अजून वीसेक जण रांगेत होते. मी त्यांना म्हटलं, "तिकीट नंतर घ्या, आधी चला." आणि आम्ही सगळे मिळून आत धावलो. बावीस वर्षांत मी वेळेआधी खिडकी कधी बंद केली नव्हती. अकरा मिनिटं उभा होतो. ताल कळला असं म्हणणार नाही, पण एकदाही घड्याळ बघितलं नाही. नंतर त्या विसांपैकी प्रत्येक जण परत येऊन तिकिटाचे पैसे देऊन गेला. एकूण आकड्यात ते धरलेले आहेत.

सगळं संपल्यावर मी गल्ला आवरत होतो. एक बाई आल्या, कामावरच्या कपड्यांत, हातात पिशवी. तुमच्यापैकी कुणाच्या नात्यातल्या नव्हत्या, मी विचारलं. त्यांनी विचारलं, पुढचा कार्यक्रम कधी आहे. ताई, माझ्या खिडकीवर हा प्रश्न रोज येतो आणि उत्तर मागच्या फळ्यावर लिहिलेलं असतं. इथे मी मागे वळून बघितलं, तर कोरी भिंत. त्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, कळवतो. त्यांनी पत्ता लिहून दिला. मग त्यांच्या मागच्यानेही दिला. माझ्याजवळ आता एकशे सात पत्ते आहेत.

तेव्हा स्पर्धा, गुण, महासंघ सगळं नंतर. आधी तारीख कळव.

उत्तराला उशीर केलास तरी तुझाच,
धाकटा

—

२४ मे (कार्ड)

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

सहा सप्टेंबर, सकाळी दहा वाजता, मैदानावर. एकशे सातही जणांना लिही.

ताई